एसटीपीचे ब्लोअर आणि डिफ्यूझर बदलले : मशीन, ठेकेदार अन् निधी, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. काम होतं एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं. ब्लोअर म्हणजे टाकीत हवा ढकलणारं मशीन, त्यातला स्क्रू ब्लोअर घ्या, पाचपैकी साडेचार. मेम्ब्रेन डिफ्यूझरला (टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे करणारा रबरी भाग) चार, पण ते कोण बसवतंय त्यावर बरंच अवलंबून आहे. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजणारा सेन्सर आणि पीएलसी (प्लांट आपोआप चालवणारा कंट्रोलर), दोघांना मिळून तीन. ठेकेदाराची सर्व्हिस बसवेपर्यंत एक नंबर, बिल निघाल्यावर मात्र फोन उचलायलाच दोन दिवस, म्हणून अडीच. आणि हे सगळं घ्यायला पैसे कुठून आणायचे अन् टेंडर कसं लिहायचं यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण मशीनचे कॅटलॉग कुठेही मिळतात, हे कुणी सांगत नाही.

मी एका ब वर्ग नगरपरिषदेत मलनिस्सारणाचं काम बघते. गावाचं, ठेकेदाराचं, कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच कंपनीचा माल असला तरी जिल्ह्याजिल्ह्याला डीलर वेगळा असतो आणि अनुभव डीलरवर ठरतो, त्यामुळे नावाने तुमचा फायदा होणार नाही. आमचा प्लांट १२ एमएलडीचा (रोज १२ दशलक्ष लिटर), एसबीआर पद्धतीचा, म्हणजे एकाच टाकीत हवा देणं, गाळ खाली बसवणं आणि वरचं स्वच्छ पाणी डिकँटरने काढून घेणं हे आळीपाळीने चालतं. बांधला तेव्हापासून तेच जुने ट्विन लोब (दोन फिरत्या रोटरचे) ब्लोअर, तेच डिफ्यूझर. पट्टे बदलले, बेअरिंग बदलल्या, मोटर रिवाइंड केली, पण गाडं तेच.

लक्षण काय होतं ते सांगते, तुमच्याकडे असंच असेल तर लगेच ओळखाल. टाकीत हवा चालू असताना पाण्यावर सगळीकडे बारीक फेस दिसायला पाहिजे, आमच्याकडे काही ठिकाणी पाणी कारंज्यासारखं उसळायचं आणि काही कोपरे अगदी शांत. जिथे उसळतं तिथे मेम्ब्रेन फाटलंय किंवा पाइप तुटलाय, जिथे शांत आहे तिथे भोकं बुजलीत. मोठे बुडबुडे भसाभस वर येऊन फुटतात, त्यातला ऑक्सिजन पाण्यात विरघळायला वेळच मिळत नाही. बारीक बुडबुडे हळूहळू वर येतात आणि तेवढ्याच हवेला पाण्याशी लागणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. मग होतं काय, ऑपरेटर डीओ कमी दिसला की दुसरा ब्लोअर चालू करतो, तिसरा स्टँडबाय असायचा तोही चालू, आणि महिन्याच्या शेवटी लाइट बिल बघून लेखापाल मला बोलावतात. एसटीपीच्या एकूण विजेतली साधारण निम्मी, कधी त्याहून जास्त, नुसती हवा देण्यात जाते. त्यामुळे बचत करायची तर सुरुवात इथूनच, ऑफिसमधले ट्यूबलाइट बदलून काही होत नाही.

आता पहिली महत्त्वाची गोष्ट. ब्लोअर आधी बदलू नका. डिफ्यूझर आधी. सगळ्यांना ब्लोअर बदलायचा असतो कारण तो दिसतो, त्याच्यासमोर फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं, आणि डिफ्यूझर टाकीच्या तळाला पाच मीटर पाण्याखाली. पण डिफ्यूझर बुजलेले असले की ब्लोअरला जास्त दाबाने हवा ढकलावी लागते, दाब वाढला की अँपिअर वाढतात. त्या बुजलेल्या अवस्थेत मोजमाप करून नवा ब्लोअर घेतला तर गरजेपेक्षा मोठा ब्लोअर गळ्यात पडतो आणि मग पुढची पंधरा वर्षं तो कमी लोडवर चालवत बसायचं. आमच्याकडे एका विक्रेत्याने असंच मोठं मशीन सुचवलं होतं. आमचे ऑपरेटर मामा, ज्यांनी हा प्लांट पहिल्या दिवसापासून चालवलाय, ते म्हणाले, मॅडम आधी खालचं बघा, वरच्याचा दोष नाय. मामांचं बरोबर होतं. प्रेशर गेजचे सुरुवातीचे आकडे जुन्या लॉगबुकात होते, ते आजच्याशी लावून बघितले आणि तिथेच ठरलं.

डिफ्यूझरबद्दल. ईपीडीएम रबराचं मेम्ब्रेन, गोल डिस्क किंवा लांब ट्यूब असे दोन प्रकार मिळतात, आम्ही डिस्क घेतल्या. मेम्ब्रेनचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरायचं, चांगलं सांभाळलं तर थोडं पुढे जातं. तेलकट सांडपाणी जास्त येत असेल, हॉटेलं-खानावळी जास्त असतील, तर ईपीडीएम लवकर कडक पडतं, अशा ठिकाणी सिलिकॉनचं मेम्ब्रेन विचारा, महाग आहे पण विचारा. आमच्या मालाचा दर्जा छान निघाला. स्वच्छ पाणी भरून टेस्ट केली तेव्हा पूर्ण टाकीत एकसारखी बारीक बुडबुड्यांची चादर आली आणि मी खरंच बराच वेळ तिथेच उभी राहिले. ती टेस्ट टेंडरमध्ये घालाच. टाकीत डिफ्यूझरच्या वर थोडंसंच पाणी घेऊन हवा सोडायची, कुठून गळतंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, तिथल्या तिथे क्लँप आवळता येतो. एकदा टाकी सांडपाण्याने भरली की मग कुणीही काही सांगितलं तरी तपासता येत नाही.

एक मार्क कापला तो बसवण्यावरून. सपोर्ट स्टेनलेस स्टीलचे मागितले होते आणि आलेही, पण त्यांचे अँकर बोल्ट साध्या लोखंडाचे आणले होते. बघितल्यावर बदलून दिले, वाद घातला नाही हे मान्य. पण बघितलं नसतं तर दोन-तीन वर्षांत ते गंजून पूर्ण लॅटरल (डिफ्यूझर बसवलेला पाइप) पाण्यात तरंगत वर आलं असतं. म्हणून टेंडरच्या वर्णनात नट, बोल्ट, वॉशर, अँकर सकट असं स्पष्ट लिहा.

टाकी रिकामी करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात धोक्याचं काम आणि अंदाजपत्रकात त्याला एक ओळ असते, टाकी साफ करणे, एक काम. हे मला अजिबात पटत नाही. तळाला वाळू आणि गाळाचा थर असतो, तो हलवला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तिथे माणसं उतरायची असतात. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि तरी अंदाजपत्रकात गॅस डिटेक्टरला पैसे नसतात. आम्ही वेगळे आयटम घातले, आधी सक्शन यंत्राने गाळ काढणं, मग पंख्याने हवा खेळवणं, गॅस डिटेक्टर, हार्नेस, ट्रायपॉड, बाहेर उभा राहणारा माणूस, सगळं दरासकट. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या इंजिनिअर साहेबांनी तांत्रिक मान्यतेच्या वेळी विचारलं की एवढं कशाला, त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी काटछाट न करता मान्य केलं, त्याबद्दल त्यांचे खरंच आभार. ठेकेदाराला आयटमचे पैसे मिळणार असले की तो साधनं आणतो. दरात समाविष्ट असं लिहिलं की आणत नाही. इतकं सरळ आहे ते.

आणि हे काम उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात चेंबरमधून पावसाचं पाणी आत येतं, फ्लो वाढतो, एक टाकी बंद ठेवणं परवडत नाही. एक टाकी बंद म्हणजे बाकीच्यांवर ताण, पाण्याचा दर्जा थोडा घसरू शकतो, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी लेखी कळवा, काम कधी सुरू कधी संपणार ते लिहा. नंतर नोटीस आल्यावर खुलासा देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता ब्लोअर. तीन पर्याय होते. तेच ट्विन लोब नवे घ्यायचे, स्क्रू घ्यायचा, किंवा टर्बो. टर्बोवाल्यांचं प्रेझेंटेशन सगळ्यात भारी असतं, आवाज कमी, जागा कमी, तेल नाही, आणि विजेचा हिशोब पण खरंच चांगला. मोठ्या प्लांटला जिथे हवा सलग चोवीस तास लागते आणि टाकीची पातळी स्थिर असते तिथे मी टर्बोच घेईन. पण एसबीआरमध्ये टाकी भरत जाते तसा दाब बदलत जातो, गाळ बसवताना ब्लोअर बंद, परत चालू, दिवसातून अनेक वेळा. एअर बेअरिंगच्या टर्बोला सारखं चालू-बंद मानवत नाही, दाब वरखाली झाला की सर्ज होतो (हवा उलटी धक्के मारते), शिवाय बिघडला तर गावातला मेकॅनिक हात लावू शकत नाही, कोअर (आतला फिरता गाभा) कंपनीकडेच पाठवावा लागतो. आमच्याकडे धूळ, व्होल्टेज वरखाली, आणि सर्व्हिस इंजिनिअर यायचा तर पुण्याहून. स्क्रू ब्लोअर हा दाब बदलला तरी हवा तेवढीच देतो, तेल-फिल्टर-पट्टा हे आपल्या माणसांना जमतं, आणि लोबपेक्षा वीज कमी खातो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून घेतला. इथे एक गैरसमज असतो म्हणून लिहिते. पंपाचा वेग थोडा कमी केला की वीज खूप कमी होते, तोच हिशोब लोक ब्लोअरला लावतात, पण लोब आणि स्क्रूला तसं नाही, इथे वेग अर्धा केला की हवा अर्धी आणि वीजही साधारण अर्धीच होते, कारण पाण्याचा दाब तोच असतो. तरीही फायदा आहेच, रात्री फ्लो कमी असतो तेव्हा उगाच हवा उडत नाही. फक्त कंपनीने दिलेल्या किमान वेगाच्या खाली नेऊ नका, मशीन तापतं.

अर्धा मार्क कापलाय तो आवाजासाठी. हुड आहे, तरी ब्लोअर रूममध्ये उभं राहून बोलता येत नाही, आणि उन्हाळ्यात खोलीतली गरम हवाच परत आत ओढली जाते. गरम हवा विरळ असते म्हणजे तेवढ्याच घनमीटरमध्ये ऑक्सिजन कमी. आम्ही बाहेरून हवा घेणारा डक्ट नंतर बसवला, तुम्ही आधीच टेंडरमध्ये घाला. आणि ब्लोअरची क्षमता मागताना नुसतं इतके घनमीटर ताशी असं लिहू नका, कोणत्या तापमानाला, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, किती दाबाला, हे लिहा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या सोयीचा आकडा देतो आणि तुलनाच होत नाही.

आता तो हिशोब, जो मी सीओ (मुख्याधिकारी) साहेबांपुढे आणि नंतर सभेतही मांडला. समजा एक ब्लोअर ६० किलोवॅट ओढतो आणि दिवसाला १८ तास चालतो. म्हणजे रोजचे १०८० युनिट, वर्षाचे साधारण ३ लाख ९४ हजार. युनिट ८ रुपये धरलं तर वर्षाला साडेएकतीस लाख रुपये. एका ब्लोअरचे! दुसरं मशीन जर २० टक्के कमी वीज खात असेल तर वर्षाला सव्वासहा लाख वाचतात, दहा वर्षांत त्रेसष्ट लाख, दरवाढ धरलीच नाही. आणि आपण टेंडर उघडताना भांडतो कशावर, तर मशीनच्या किमतीत दोन-तीन लाखांचा फरक आहे म्हणून एल-वन (सगळ्यात कमी बोलीवाला) कोण. गाडी घेताना घरातला प्रत्येक जण मायलेज विचारतो, मग गावाच्या पैशाने मशीन घेताना का नाही विचारायचं?

तर आम्ही टेंडरमध्ये काय केलं. दोन लिफाफा पद्धत तर असतेच, तांत्रिक आणि आर्थिक. आर्थिक लिफाफ्यात मशीनच्या किमतीबरोबर गॅरंटीड वीज वापर लिहून मागितला, पूर्ण, पाऊण आणि अर्ध्या हवेला किती किलोवॅट, आणि तो वापर ठरलेल्या तासांनी अन् ठरलेल्या दराने गुणून दहा वर्षांचा खर्च काढायचा, किंमत अधिक तो खर्च, ही बेरीज ज्याची सगळ्यात कमी तो एल-वन. मूल्यमापनाचं सूत्र टेंडर निघतानाच छापलेलं पाहिजे, लिफाफे उघडल्यावर सूत्र काढलं तर तक्रार होणारच आणि झाली तर बरोबरच आहे. कारखान्यात आयएसओ १२१७ प्रमाणे टेस्ट, आमच्या माणसासमोर. मग साइटवर परत मोजणी, आणि गॅरंटीपेक्षा जास्त वीज लागली तर त्या फरकाची दहा वर्षांची रक्कम वजा. एवढं लिहिल्यावर प्री-बिड मीटिंगला काही जण कुरकुरले, हे नगरपरिषदेच्या कामात चालत नाही म्हणाले. पण ज्यांचं मशीन चांगलं होतं ते गप्प बसून फक्त सूत्र नीट समजावून घेत होते. शुद्धिपत्रक काढून दोन अटी सैल केल्या, सूत्र तसंच ठेवलं. लेखापरीक्षणात विचारलं तर उत्तर तयार आहे, सगळं कागदावर आहे, सगळ्यांना आधीच माहीत होतं.

अजून एक, तुकडे पाडू नका. डिफ्यूझर वेगळे, ब्लोअर वेगळा, पॅनल वेगळं असं करून ई-टेंडरच्या मर्यादेखाली बसवायचा मोह होतो, लवकर होईल म्हणून. ऑडिट पॅरा लागतोच, पण त्याहून वाईट म्हणजे नंतर डीओ येत नाही तेव्हा ब्लोअरवाला म्हणतो डिफ्यूझरचा दोष, डिफ्यूझरवाला म्हणतो पॅनलचा दोष, आणि आपण मध्ये. हवा पाण्यात विरघळून डीओ लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास टिकवणं ही एकाच माणसाची जबाबदारी पाहिजे.

पैसा. इथे मला मनापासून वाईट वाटतं म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे नवीन बांधायला पैसे मिळतात, असलेलं दुरुस्त करायला मिळत नाहीत. अमृत २.० ही योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली, एक लाखापर्यंतच्या शहरांना केंद्राचा वाटा निम्मा, एक ते दहा लाखांपर्यंत एक तृतीयांश, त्यावरच्यांना २५ टक्के, हप्ते २०-४०-४० असे. योजना चांगली. स्वच्छ भारत अभियान नागरी २.० मध्येही एक लाखाच्या आतल्या गावांना सांडपाण्यासाठी पैसे ठेवले गेले. पण प्रकल्पाच्या किमतीत चालवण्याचा अन् देखभालीचा खर्च धरला जात नाही, तो गावाने वापरकर्ता शुल्कातून करायचा. कागदावर बरोबर वाटतं. प्रत्यक्षात मलनिस्सारण कर किती वसूल होतो ते ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहे. म्हणजे नवा प्लांट मिळतो, पाच-सात वर्षांनी मेम्ब्रेन संपतं, त्याला हेडच (अंदाजपत्रकातलं खर्चाचं शीर्षक) नाही, प्लांट लंगडत चालतो, आणि मग कधीतरी नव्या योजनेत नवा प्लांट मागायचा. मेम्ब्रेनच्या खर्चात झालं असतं ते काम.

आम्ही १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून केलं. २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानात ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित होतं, त्यात ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. आमचं काम स्वच्छतेच्या बंधित हिश्श्यात बसवलं. त्याच हिश्श्यावर घंटागाड्यांचा ठेका, कचरा डेपो, सगळ्यांचा डोळा असतो, त्यामुळे सभेत ठराव मंजूर करून घेणं हेच मोठं काम होतं. नगरसेवकांना बीओडी सीओडी (पाण्यातल्या घाणीचे आकडे) सांगू नका. मी लाइट बिलं लावून दाखवली आणि वरचा त्रेसष्ट लाखांचा हिशोब फळ्यावर केला. विरोधातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनीच मग अनुमोदन दिलं. ज्यांचा आयोगाचा निधी आधीच ठरलेला आहे त्यांनी जिल्हा नियोजन किंवा राज्याच्या नगरोत्थान योजनेकडे प्रस्ताव टाका, पण डीपीआरमध्ये (प्रकल्प अहवालात) दुरुस्ती हा शब्द टाळून क्षमता पूर्ववत करणे आणि ऊर्जा बचत असं मांडा, कारण खरंच तेच आहे ते.

मोठ्या शहरांचे रस्ते वेगळे. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये १५० कोटींचे ग्रीन बॉन्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते सांडपाणी आणखी शुद्ध करून उद्योगांना विकण्यासाठी. नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. गंगेच्या प्रकल्पांमध्ये हायब्रिड अॅन्युइटी आहे, बांधताना ४० टक्के, उरलेले ६० टक्के पंधरा वर्षांत प्लांट नीट चालला तरच. मला ही कल्पना फार आवडते, कारण ठेकेदाराचा पैसाच पाण्याच्या दर्जात अडकलेला राहतो. पुण्यात तर मुळा-मुठेच्या कामाला जानेवारी २०१६ मध्ये ९९० कोटींची मंजुरी झाली, पण पायाभरणी मार्च २०२२ मध्ये, तोवर किंमत १४७० कोटींच्या वर. टेंडरमध्ये गेलेला वेळ फुकट नसतो, तो पैशातच मोजला जातो. आमच्यासारख्या गावाला बॉन्ड वगैरे शक्य नाही, पण अॅन्युइटीची कल्पना छोट्या प्रमाणात जमते. आम्ही ठेकेदाराच्या बिलातला काही हिस्सा मागे ठेवून तो पुढच्या महिन्यांमधल्या वीज युनिट आणि लॅब रिपोर्टला जोडला. रिटेन्शन तर सगळेच कापतात, पण ते नुसतं तारखेवर सोडतात. आम्ही आकड्यावर सोडतो.

इथे लॅब रिपोर्टचा आकडा कोणता धरायचा ते टेंडरमध्ये नीट लिहा. पर्यावरण मंत्रालयाची ऑक्टोबर २०१७ ची अधिसूचना महानगरं आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या सोडून बाकीच्यांना बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालवते, हरित लवादाचा ३० एप्रिल २०१९ चा आदेश त्याहून कडक आहे, आणि तुमच्या संमतीपत्रात प्रदूषण मंडळाने काय लिहिलंय ते तिसरंच असू शकतं. संमतीपत्रातला आकडा टेंडरमध्ये घाला, बाकी वाद नको. नायट्रोजनची अट असेल तर हवा जास्त लागते, एक किलो अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार किलोच्या वर ऑक्सिजन लागतो, म्हणजे ब्लोअरचा साइज तिथेच बदलतो.

सेन्सर अन् पीएलसीला तीनच मार्क का, तर सेन्सर स्वतः चांगला आहे, ऑप्टिकल आहे, जुन्या मेम्ब्रेनवाल्या सेन्सरसारखं सारखं द्रावण भरायला लागत नाही, आठवड्यातून एकदा पुसला की चालतो. त्रास पीएलसीचा. प्रोग्रॅमचा पासवर्ड ठेकेदाराच्या माणसाकडे. सायकलचा वेळ बदलायचा तरी त्याला फोन, तो दुसऱ्या साइटवर, तोवर मामा मॅन्युअलवर चालवणार, मग ऑटोमेशन घेतलं कशाला? शेवटी अंतिम बिल अडवल्यावर पासवर्ड, प्रोग्रॅमची कॉपी, वायरिंग ड्रॉइंग सगळं मिळालं. टेंडरमध्ये लिहा, प्रोग्रॅमचा बॅकअप आणि सर्व पासवर्ड ही नगरपरिषदेची मालमत्ता, दिल्याशिवाय काम पूर्णत्वाचा दाखला नाही.

सर्व्हिसबद्दल अडीच मार्कांचं स्पष्टीकरण. काम चालू असताना यांची माणसं सकाळी आठला हजर, सुपरवायझर अतिशय सज्जन, मामांना आणि त्यांच्या दोन्ही पोरांना ब्लोअर उघडून शिकवलं, तेल कधी बदलायचं, फिल्टरचा दाब कसा वाचायचा, सगळं मराठीत लिहून भिंतीवर लावून दिलं. त्या सुपरवायझरला पाचपैकी पाच. पण नंतर ब्लोअरच्या एका पॅनलमध्ये व्हीएफडी ट्रिप व्हायला लागला तर फोनवर फोन, आज येतो उद्या येतो, तोवर एका ब्लोअरवर गाव. टेंडरमध्ये ४८ तासांत हजेरीची अट होती, दंडही होता, पण तक्रार कशी नोंदवायची ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे फोन केल्याचा पुरावा काय असा प्रश्न. आता ईमेल पाठवली तीच नोंद, अशी पत्राने अट घालून घेतली आहे. तुम्ही आधीच घाला. आणि फिल्टर, पट्टे, तेल, एक सेन्सर, थोडे जास्तीचे डिफ्यूझर हे मूळ कामातच स्पेअर म्हणून घेऊन ठेवा, नंतर पाच हजाराच्या फिल्टरला कोटेशन मागवत बसायला लागतं आणि फिल्टर बुजलेला ब्लोअर तोवर चालतच असतो.

दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष फुकट दुरुस्त करायचा काळ) कधीपासून मोजायचा हेही बघा. माल साइटवर आल्यापासून अशी ओळ विक्रेत्याच्या वॉरंटी कार्डवर असते. आमचा माल आल्यावर टाकी रिकामी होईपर्यंत बराच काळ गोदामात पडून होता. कार्यान्वित झाल्याच्या तारखेपासून असं करारात असल्याने आम्ही वाचलो.

युनिटचं विचाराल तर मोटरचं सबमीटर वेगळं बसवलंय, रोजचं रीडिंग लॉगबुकात जातं, आणि आता स्टँडबाय ब्लोअर खरोखर स्टँडबाय असतो, आळीपाळीने फिरवतो तेवढंच. वास कमी झालाय, हे शेजारच्या वस्तीतल्या बायकांनी स्वतः येऊन सांगितलं, ते मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त वाटलं.

या वर्षीच्या अंदाजपत्रकात मी मेम्ब्रेन बदलासाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचा प्रस्ताव दिलाय, विजेच्या बचतीतलाच काही हिस्सा. लेखापालांनी हेड कोणतं म्हणून विचारलंय, त्यावर चर्चा चालू आहे. कुणाच्या नगरपरिषदेत असं राखीव खातं आधीच चालू असेल तर ठराव कसा केला अन् हेड काय दाखवलं ते कृपया लिहा, मला त्याची खरंच गरज आहे. आणि दोष दायित्व संपायच्या आत, उन्हाळ्यातच, एक टाकी परत खाली घेऊन तळाचे क्लँप तपासायचे आहेत, त्याचं पत्र ठेकेदाराला गेलंय.